लॉग काढूनही डिस्क भरलेलीच: डीएफ आणि डीयू यांच्या आकड्यांत 20 जीबीचा फरक कसा?

ग्रंथसूची (प्रश्न)

नमस्कार. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आमची पुस्तकांची सूची आणि देवघेव कोहा या मुक्त प्रणालीवर चालते. ती ज्या संगणकावर आहे त्यावर उबुंटू सर्व्हर 22.04 ही लिनक्स प्रणाली आणि मायएसक्यूएल 8.0 हा डेटाबेस आहे. या संगणकाला मॉनिटर जोडलेला नाही. मी माझ्या टेबलावरून एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून आत जाण्याची सोय) त्यात जाते, त्यामुळे माऊसने फोल्डर उघडून पाहण्याची सोय नाही आणि जे काही करायचे ते कमांड लाइनवरूनच करावे लागते.

गेल्या आठवड्यात पुस्तक देताना नोंद जतन होईना. चूक दाखवणारा कोणताही संदेश येत नव्हता, पान नुसते फिरत राहत होते. डिस्कची वापरलेली आणि उरलेली जागा दाखवणारी डीएफ -एच ही कमांड चालवली तेव्हा मूळ पार्टिशन (डिस्कचा मुख्य भाग) 100 टक्के भरलेले दिसले: एकूण 49 जीबी, वापरलेले 47, उपलब्ध 0. शोधाशोध केल्यावर /व्हार/लिब/मायएसक्यूएल या फोल्डरात सर्व्हरच्याच नावाची, शेवटी .लॉग असलेली 14 जीबीची एक फाइल सापडली. पूर्वी कधीतरी एखादी अडचण शोधण्यासाठी ती नोंद सुरू केली गेली असावी. त्या फाइलची गरज नाही याची खात्री करून घेऊन ती आरएम या फाइल काढणाऱ्या कमांडने काढली. फाइल यादीतून गेली, परंतु डीएफचा आकडा तसूभरही हलला नाही. त्यानंतर फोल्डरांतील फाइलींचा आकार मोजणारी डीयू ही कमांड सुडोने, म्हणजे रूट या मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने, चालवली:

सुडो डीयू -एसएक्सएच /

ही कमांड सगळे मिळून 27 जीबी सांगते. म्हणजे एक कमांड 47 म्हणते आणि दुसरी 27, आणि मधले 20 जीबी कोणत्याच फोल्डरात दिसत नाहीत. एपीटी क्लीन करून (उतरवून घेतलेली पॅकेजे काढून) पाहिले, त्याने फारसा फरक पडला नाही. परीक्षेचे दिवस असल्याने अभ्यासिका उशिरापर्यंत चालू असते, म्हणून दिवसा सर्व्हर रीस्टार्ट करणे शक्य नाही. इंटरनेटवर दिसणाऱ्या एकेका ओळीच्या सफाई कमांड अर्थ न कळता चालवण्याची माझी तयारी नाही. ही जागा कोठे अडकली आहे आणि ती कोणत्या क्रमाने मोकळी करावी, याचे मार्गदर्शन हवे आहे.

आणखी एक शंका आहे. डिस्क पूर्ण भरलेली असताना मला आत येता येते, सुडोही चालते, आणि मायएसक्यूएल तेवढे अडते, हे कसे?

---

जुने_टर्मिनल

ताई, आधी एक खुलासा. या चर्चेत कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि वेगळे सांगितले नसेल तेथे लहान अक्षरांत टंकाव्यात.

तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण त्या दोन कमांड एकच गोष्ट मोजत नाहीत. डीएफ फाइलसिस्टमलाच (डिस्कवरील फाइलींची मांडणी सांभाळणारी व्यवस्था) विचारते की तुझे किती ब्लॉक, म्हणजे जागेचे तुकडे, कोणाला तरी दिलेले आहेत. डीयू मात्र मूळ फोल्डरापासून निघून प्रत्येक फोल्डरात शिरते, जी जी फाइल दिसेल तिचे ब्लॉक मोजते आणि बेरीज करते. साहजिकच ज्या फाइलला कोणत्याही फोल्डरात नाव उरलेले नाही, ती डीयूला कधीच भेटत नाही.

नाव नसलेली फाइल असू शकते का, तर असते. आरएम ही कमांड फाइलमधील मजकूर पुसत नाही. ती फोल्डरातील नाव आणि त्या नावामागचा आयनोड (फाइलचा मजकूर डिस्कवर कोठे आहे त्याची नोंद) यांच्यातील दुवा तेवढा तोडते. आयनोडकडे जाणारे सगळे दुवे संपले आणि कोणत्याही प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामने, ती फाइल उघडून धरलेली नसेल, तरच लिनक्स तिचे ब्लॉक मोकळे करतो. तुमच्याच व्यवहारातले सांगायचे तर सूचीतून कार्ड काढून टाकले, तरी पुस्तक वाचकाकडेच आहे, आणि तो ते परत करीपर्यंत कपाटात येणार नाही. येथे तो वाचक मायएसक्यूएल असणार, असा माझा अंदाज आहे. खात्री करून घेण्यासाठी:

सुडो एलएसओएफ +एल1

येथे अधिकच्या चिन्हापुढचा एल मोठ्या लिपीतला आहे. ज्या फाइलींचा दुवा एकाहून कमी, म्हणजे शून्य, झालेला आहे पण ज्या अजून उघड्या आहेत, त्यांची यादी ही कमांड देते. आकाराच्या स्तंभात मोठी संख्या आणि नावाच्या शेवटी कंसात डिलीटेड असे दिसले, तर ती तुमची हरवलेली जागा.

मात्र ती सोडवण्याआधी मायएसक्यूएलला थोडा श्वास घेऊ द्यावा लागेल. डिस्क भरली की मायएसक्यूएल सहसा बंद पडत नाही. ते थांबून राहते, दर मिनिटाला जागा झाली का ते पाहते आणि मध्येमध्ये स्वतःच्या त्रुटी नोंदीत इशारा लिहिते. तुमचे पान संदेश न देता फिरत राहण्याचे कारण हेच दिसते. अशा थांबलेल्या अवस्थेत त्याला काही सांगायला गेलात तर तेही अडकू शकते. म्हणून सर्वांत निरुपद्रवी ठिकाणाहून एकदोन जीबी मोकळे करा. ते ठिकाण म्हणजे सिस्टमडीचे जर्नल, म्हणजे संगणकाच्या सर्व सेवांच्या नोंदी:

सुडो जर्नलसीटीएल --डिस्क-युसेज
सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=1जी

दुसऱ्या ओळीतील शेवटचा जी मोठ्या लिपीत. ही कमांड जुन्या, बंद झालेल्या जर्नल फाइलीच काढते. सध्या लिहिल्या जात असलेल्या फाइलीला हात लावत नाही.

त्यानंतर सुडो मायएसक्यूएल असे लिहून आत जा आणि पुढील ओळ द्या:

सेट ग्लोबल जनरल_लॉग = ऑफ;

सर्व्हरच्या नावाची आणि डेटा फोल्डरातच असलेली लॉग फाइल म्हणजे बहुधा मायएसक्यूएलची जनरल लॉग, जिच्यात येणारी प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) शब्दशः लिहिली जाते. कोहाच्या एका शोधामागे किती क्वेरी होतात ते पाहता ती 14 जीबीपर्यंत गेली यात नवल नाही. उबुंटूमधील लॉगरोटेट ही सोय /व्हार/लॉगखालच्या मायएसक्यूएलच्या नोंदींची जुनी फाइल रोज बाजूला करून नवी सुरू करते, पण डेटा फोल्डरात पडलेल्या या फाइलकडे ती फिरकत नाही. वरच्या ओळीने नोंद बंद होते, मायएसक्यूएल फाइल सोडते आणि जागा त्याच क्षणी परत मिळते. त्यासाठी काहीही रीस्टार्ट करावे लागत नाही. /ईटीसी/मायएसक्यूएलखालच्या फाइलींत जनरल_लॉग = 1 अशी ओळ आहे का तेही पाहा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला ती नोंद पुन्हा सुरू होईल.

काही कारणाने मायएसक्यूएल फाइल सोडत नसेल, तर आणखी एक वाट आहे. एलएसओएफच्या यादीत प्रोसेसचा क्रमांक आणि एफडी या स्तंभात फाइलचा क्रमांक असतो. ते दोन्ही घेऊन:

सुडो ट्रंकेट -एस 0 /प्रॉक/प्रोसेसक्रमांक/एफडी/फाइलक्रमांक

याने नाव नसलेली फाइलही जागच्या जागी रिकामी होते. क्रमांक दोनदा तपासल्याशिवाय एंटर दाबू नये, कारण त्याच प्रोसेसच्या शेजारच्या क्रमांकावर तुमचा खरा डेटाबेस उघडा असतो. चालू लॉग रिकामी करायची असेल तेव्हा आरएम वापरू नये, हाच ट्रंकेट मूळ नावावर चालवावा, असा माझा शिरस्ता आहे.

सुडोच्या शंकेचे उत्तर: ईएक्सटी4 ही लिनक्सवरची नेहमीची फाइलसिस्टम तयार होताना 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. तुमच्या 49 जीबीवर ती सुमारे अडीच जीबी होते. मायएसक्यूएल स्वतःच्या साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालते, त्यामुळे त्याच्यासाठी डिस्क संपलेली असते; रूटसाठी मात्र ती अजून थोडी शिल्लक असते.

---

ग्रंथसूची

आपले मनःपूर्वक आभार. सांगितल्या क्रमानेच सर्व केले. जर्नल जवळजवळ 4 जीबी होते, ते 1 जीबीवर आले आणि पान लगेच चालू लागले. एलएसओएफमध्ये मायएसक्यूएलडी या प्रोसेसकडे तीच फाइल, 14 जीबी आणि डिलीटेड असे दिसत होते. जनरल लॉग बंद करताच ती ओळ यादीतून गेली आणि डीएफमध्ये वापरलेली जागा 30 जीबी झाली.

तरीही हिशेब पूर्ण जुळत नाही. डीयू आता 24 जीबी सांगते. म्हणजे 6 जीबी अजूनही कोठेतरी आहेत आणि एलएसओएफच्या यादीत आता मोठे असे काहीच उरलेले नाही. या संगणकाला बाहेरची 1 टीबीची एक डिस्कही जोडलेली आहे. ती /बॅकअप येथे माउंट होते (त्या फोल्डरातून दिसू लागते) आणि रोज रात्री डेटाबेसची प्रत तिच्यावर जाते. तिचा याच्याशी काही संबंध असू शकतो का?

---

माउंटवाला

संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. एखाद्या फोल्डरावर दुसरी डिस्क माउंट केली की त्या फोल्डरात आधीपासून असलेल्या फाइली नाहीशा होत नाहीत, त्या नुसत्या झाकल्या जातात. एखाद्या रात्री केबल सैल झाली म्हणून किंवा वीज गेल्यानंतर बाहेरची डिस्क उशिरा जागी झाली म्हणून /बॅकअप माउंट झाले नसेल, तर बॅकअपच्या स्क्रिप्टला ते कळत नाही. तिला /बॅकअप नावाचे फोल्डर दिसते आणि ती निमूटपणे मूळ पार्टिशनवरच प्रत लिहून टाकते. पुढे डिस्क पुन्हा माउंट झाली की त्या प्रती तिच्याखाली गाडल्या जातात. डीयू त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, कोणत्याही प्रोसेसने त्या उघडलेल्या नसतात म्हणून एलएसओएफही त्या सांगत नाही, आणि डीएफ मात्र त्यांचे ब्लॉक इमानेइतबारे मोजत राहते.

बाहेरची डिस्क न काढता खाली डोकावण्याची सोय आहे:

सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी
सुडो डीयू -एसएच /एमएनटी/बॅकअप
सुडो एलएस -एलएच /एमएनटी/बॅकअप

साध्या बाइंडने मूळ पार्टिशन दुसऱ्या ठिकाणाहून दिसते, पण त्याच्यावर बसवलेल्या इतर डिस्क सोबत येत नाहीत. त्यामुळे /एमएनटी/बॅकअपमध्ये जे दिसेल ते खरोखर मूळ पार्टिशनवरचे असते. तेथे 6 जीबीच्या आसपास काही सापडले, तर आधी पाहा की त्या तारखांच्या प्रती खऱ्या बॅकअप डिस्कवर आहेत का. बहुधा नसतील, कारण त्या रात्री त्या येथे लिहिल्या गेल्या. हव्या असतील तर /बॅकअपवर हलवा, नको असतील तर काढा; काढताना मार्ग /एमएनटी/बॅकअप हाच लिहिला आहे ना, हे पुन्हा एकदा वाचा. नुसते /बॅकअप लिहिले गेले तर खऱ्या प्रती जातील. काम झाले की:

सुडो यूमाउंट /एमएनटी

पण ही सफाई एकदाच करून भागणार नाही. कोणती डिस्क कोठे माउंट करायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये बाहेरच्या डिस्कच्या ओळीत नोफेल हा पर्याय लिहिलेला असेल, तर डिस्क सापडली नाही तरी संगणक कुरकुर न करता सुरू होतो. तो पर्याय काढा असे मी म्हणणार नाही, कारण तो नसेल तर डिस्कअभावी संगणक सुरू होतानाच अडकून बसेल आणि मॉनिटर नसलेल्या सर्व्हरवर ते अधिक गैरसोयीचे आहे. त्याऐवजी बॅकअप स्क्रिप्टच्या सुरुवातीला ही एक ओळ घाला:

माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप || एक्झिट 1

मी याच्या जोडीला आणखी एक करतो. बाइंड चालू असतानाच खालचे रिकामे फोल्डर सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/बॅकअप या कमांडने कुलूपबंद करून ठेवतो. त्यावर डिस्क माउंट होण्यास काहीच अडचण येत नाही, पण डिस्क नसताना त्यात लिहायला गेल्यास रूटलाही नकार मिळतो आणि स्क्रिप्टची चूक त्याच रात्री उघडी पडते.

---

पाच_टक्के

वर राखीव जागेचा उल्लेख आला आहे म्हणून सुचवतो. सुडो ट्यून2एफएस -एम 1 आणि पुढे पार्टिशनचे नाव दिले की राखीव भाग 5 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर येतो. एकही फाइल न काढता तुम्हाला जवळजवळ 2 जीबी मिळतील आणि त्यासाठी पार्टिशन अनमाउंट करावे लागत नाही. सर्वांत सोपा मार्ग हाच नाही का?

---

जुने_टर्मिनल

कमांड बरोबर आहे, जागा मात्र चुकीची निवडली आहे. मूळ पार्टिशनवरची राखीव जागा होती म्हणूनच ताईंना भरलेल्या डिस्कवर आत येऊन हे सगळे करता आले. शिवाय पार्टिशन काठोकाठ भरू दिले की ईएक्सटी4ला सलग ब्लॉक मिळणे अवघड होते आणि फाइलींचे तुकडे वाढतात. 2 जीबीसाठी तेवढी किंमत मोजू नये.

हीच सूचना बाहेरच्या डिस्कसाठी मात्र मी उचलून धरेन. तेथे फक्त प्रती साठवायच्या आहेत आणि 1 टीबीच्या 5 टक्के म्हणजे डीएफच्या हिशेबाने 46 जीबीच्या आसपास जागा कारण नसताना अडून राहते. त्या डिस्कवर 1 टक्का किंवा शून्यसुद्धा चालेल.

---

आकडेमोड

हरवलेल्या जागेचा छडा लागला, तर आता दिसणाऱ्या 24 जीबीकडे वळू या. कोहाची सूची, प्रणाली आणि मायएसक्यूएल एवढेच काम असलेल्या संगणकाला हा आकडा जास्त वाटतो. आधी मोजावे, मग काढावे. मोजणीसाठी मी एकेक पायरी उतरत जातो:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 / | सॉर्ट -एच
सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 /व्हार | सॉर्ट -एच

यातील -एक्समुळे डीयू दुसऱ्या डिस्कवर जात नाही आणि सॉर्ट -एचमुळे सर्वांत मोठे फोल्डर शेवटी, डोळ्यांसमोर येते. वारंवार लागणार असेल तर एनसीडीयू हा छोटा प्रोग्राम बसवावा. त्यात बाणांच्या कळांनी आतबाहेर फिरता येते. तो मी नेहमी -आर हा पर्याय देऊन उघडतो. एरवी डी ही एक कळ आणि त्यानंतरचा होकार एवढ्यात अख्खे फोल्डर जाऊ शकते.

तुमच्या बाबतीत मोठा वाटा मायएसक्यूएलच्या बायनरी लॉगचा, म्हणजे डेटाबेसमधील बदलांच्या नोंदीचा, असेल, असे मला वाटते. मायएसक्यूएल 8.0मध्ये ही नोंद आपोआप चालू असते आणि 30 दिवस ठेवली जाते. /व्हार/लिब/मायएसक्यूएलमध्ये बिनलॉग या नावाने सुरू होणाऱ्या, पुढे सहा आकडी क्रमांक असलेल्या अनेक फाइली दिसतील. या फाइली आरएमने कधीही काढू नयेत. त्यांची यादी मायएसक्यूएल स्वतःच्या एका अनुक्रमणिकेत ठेवते आणि परस्पर काढल्यास ती यादी आणि डिस्क यांचा मेळ तुटतो. मायएसक्यूएलमध्ये जाऊन त्यालाच सांगावे:

पर्ज बायनरी लॉग्स बिफोर नाउ() - इंटरव्हल 7 डे;
सेट पर्सिस्ट बिनलॉग_एक्सपायर_लॉग्स_सेकंड्स = 604800;

पहिली ओळ आठवड्यापूर्वीच्या फाइली काढते, दुसरी यापुढे मुदत 7 दिवसांची करते. या सर्व्हरची हुबेहूब प्रत दुसऱ्या सर्व्हरवर चालत असेल, तर तिने या फाइली वाचून घेतल्या आहेत का ते आधी पाहावे लागते. एकटाच सर्व्हर असेल तर तो प्रश्न येत नाही. नोंद समूळ बंद करण्याचा सल्लाही कोणी देईल. मी देणार नाही, कारण रात्रीची प्रत आणि दुपारची चूक यांच्यामधली देवघेव परत मिळवायची वेळ आली, तर याच फाइली उपयोगी पडतात.

जर्नलचे पुन्हा 4 जीबी होऊ नयेत म्हणून जर्नलडी.कॉन्फ या फाइलमध्ये सिस्टममॅक्सयूज=500एम (यात सिस्टम, मॅक्स आणि यूज यांचे पहिले अक्षर आणि शेवटचा एम मोठ्या लिपीत) अशी मर्यादा लिहून सिस्टमडी-जर्नलडी ही सेवा रीस्टार्ट करावी. मर्यादा लिहिली नसेल तर जर्नल फाइलसिस्टमच्या 10 टक्क्यांपर्यंत किंवा 4 जीबीपर्यंत, यांतील जे कमी असेल तेथवर वाढते. तुमचा आकडा तेथेच टेकला होता.

जुने कर्नल (लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) काढण्यासाठी सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज ही कमांड पुरेशी आहे. होकार देण्यापूर्वी ती काय काय काढणार आहे ती यादी वाचावी आणि युनेम -आरने दिसणारे चालू कर्नल त्यात नाही ना, ते पाहावे. ते सहसा नसतेच. /बूटमधल्या फाइली हाताने काढू नयेत. स्नॅप या उबुंटूच्या दुसऱ्या पद्धतीने बसवलेल्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्या स्नॅप लिस्ट --ऑल या यादीत डिसेबल्ड म्हणून दिसतात. त्या काढून मिळणारी जागा सर्व्हरवर किरकोळ असते, तरी काढायला हरकत नाही. एपीटी क्लीनने तुम्हाला फार काही मिळाले नाही यात आश्चर्य नाही, कारण एपीटी ही कमांड बसवून झालेली पॅकेजे आता स्वतःच काढून टाकते. ती साठून राहतात ती एपीटी-गेट वापरणाऱ्यांकडे.

इंटरनेटवरच्या एकेका ओळीबद्दल तुम्ही दाखवलेली सावधगिरी रास्त आहे. त्यांतली सर्वांत फसवी ओळ फाइंडची, म्हणजे फाइली शोधणाऱ्या कमांडची, असते. फाइंडमध्ये शब्दांचा क्रम महत्त्वाचा असतो: -डिलीट हा शब्द अटींच्या शेवटी असेल तर अटीत बसणाऱ्या फाइलीच जातात, आणि तोच शब्द अटींच्या आधी आला तर फाइंड अट तपासण्यापूर्वीच समोर येईल ते काढत सुटते. म्हणून प्रथम -डिलीटच्या जागी -प्रिंट लिहून यादी पाहावी आणि ती पटली तरच शेवटचा शब्द बदलावा.

---

माउंटवाला

थोडी पुरवणी. जागा नाही असा संदेश येतो आणि डीएफ -एचमध्ये मात्र भरपूर जागा दिसते, असा उलटा प्रसंग कोणावर आला, तर डीएफ -आय पाहावे. ईएक्सटी4मध्ये आयनोडांची संख्या फाइलसिस्टम तयार करतानाच ठरते, साधारणपणे दर 16 केबीला एक. 50 जीबीच्या पार्टिशनवर ते 32 लाखांच्या आसपास होतात. छोट्या छोट्या फाइलींचा ढीग साठला तर ब्लॉक शिल्लक असूनही आयनोड संपतात. तो ढीग कोठे आहे ते डीयूला --आयनोड्स हा पर्याय दिल्यावर कळते. या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, पण हीच लक्षणे पाहून येथे येणाऱ्यांना उपयोग होईल.

---

ग्रंथसूची

सर्वांचे आभार. /एमएनटी/बॅकअपमध्ये सहा जीबीच्या प्रती निघाल्या. त्यांच्या तारखा पाहता ग्रंथालयातील वीज वारंवार जात होती तोच काळ होता. त्या खऱ्या डिस्कवर हलवल्या, स्क्रिप्टमध्ये ओळ घातली आणि खालचे फोल्डर कुलूपबंद केले. त्यानंतर डीएफ आणि डीयू दोन्ही 24 जीबीवर एकत्र आल्या. बायनरी लॉग सहा जीबीहून दीडवर आल्या, तीन जुने कर्नल गेले, जर्नलला मर्यादा घातली. आता वापरलेली जागा 17 जीबी आहे आणि 29 जीबी उपलब्ध दिसते.

शेवटची एक गोष्ट समजून घ्यायची आहे. /व्हार/लिब/मायएसक्यूएलमध्ये कोहाच्या डेटाबेसच्या फोल्डरात सेशन्स.आयबीडी ही फाइल 3 जीबीची आहे. जुनी सेशन्स (लॉगिनच्या तात्पुरत्या नोंदी) काढणारी क्लीनअप_डेटाबेस ही कोहाची स्क्रिप्ट रोज चालते आणि त्या टेबलात मोजून पाहिल्यावर काही शेच ओळी निघाल्या. एवढ्या ओळींना 3 जीबी कसे लागतात? येथेही कोणी फाइल धरून बसले आहे का?

---

आकडेमोड

नाही, येथे प्रकार वेगळा आहे. इनोडीबी (मायएसक्यूएलची टेबले साठवण्याची नेहमीची पद्धत) टेबलातील ओळी काढल्या की त्यांची जागा त्या फाइलच्या आतच मोकळी होते आणि पुढच्या ओळींसाठी राखून ठेवली जाते. फाइल स्वतःहून आकसत नाही. म्हणजे या वेळी डीयू, डीएफ आणि एलएसओएफ तिन्ही खरे सांगत आहेत. फाइल खरोखरच 3 जीबीची आहे आणि आतून बहुतांश पोकळ आहे. स्क्रिप्ट पूर्वी काही काळ बंद असेल, तर त्या काळात टेबल फुगले असेल आणि नंतर ओळी गेल्या तरी आकार तसाच राहिला असेल.

मायएसक्यूएलमध्ये कोहाचा डेटाबेस निवडून ही ओळ द्या:

ऑप्टिमाइझ टेबल सेशन्स;

उत्तरात असा मजकूर येईल की हे टेबल ऑप्टिमाइझ होत नाही, म्हणून ते नव्याने तयार केले जात आहे. तो त्रुटीचा संदेश नाही; टेबल नव्याने तयार होणे हेच आपल्याला हवे आहे. मायएसक्यूएल उरलेल्या ओळी नव्या फाइलमध्ये उतरवते आणि जुनी काढून टाकते. या कामापुरती जिवंत ओळींएवढी जादा जागा लागते. काही शे ओळींना ती नगण्य आहे, पण याच कारणासाठी भरलेल्या डिस्कवर मोठ्या टेबलावर ही कमांड चालवू नये. काउंटर बंद झाल्यावर चालवलीत तर उत्तम.

याच फोल्डरात ॲक्शन_लॉग्सचीही फाइल मोठी दिसेल. तिला मात्र सेशन्ससारखे वागवू नका. कोणत्या कर्मचाऱ्याने कोणती नोंद केव्हा बदलली हे तेथे लिहिलेले असते आणि देवघेवीबद्दल किंवा दंडाबद्दल तक्रार आली तर तोच पुरावा असतो. त्या नोंदी किती काळ ठेवायच्या ते ग्रंथपालांकडून लेखी ठरवून घ्या. मग क्लीनअप_डेटाबेसला --लॉग्स या पर्यायापुढे तेवढे दिवस द्या आणि त्यानंतरच ते टेबल ऑप्टिमाइझ करा.